ड्रायव्हर साइडला वॅक्स, क्लीनर साइडला सिरॅमिक

आमच्या ट्रकची केबिन गेले चौदा महिने अर्धी अण्णांची आहे आणि अर्धी माझी. ड्रायव्हर साइडचा दरवाजा आणि शोचा, म्हणजे केबिनच्या समोरच्या दर्शनी भागाचा, त्या बाजूचा अर्धा भाग वॅक्सवर. क्लीनर साइडचा दरवाजा आणि उरलेला अर्धा शो सिरॅमिक कोटिंगवर. शोच्या बरोबर मधून दोघांची हद्द जाते. गाडी कोरडी असताना ती कुणालाच दिसत नाही, पाणी मारलं की लगेच दिसते.

गाडी अण्णा चालवतात. हिशेब, कागदपत्रं आणि देखभाल माझ्याकडे. सहा चाकी ट्रक, अर्धी-अर्धी ठरली तेव्हा आठ वर्षं जुना, केबिन लाल. तेव्हा अण्णा दर महिन्या-दीड महिन्याने वॅक्सचा डबा काढायचे आणि मऊ फडक्याने, हाताने, सगळी केबिन पुसून काढायचे. मी सिरॅमिकचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "आठ वर्षं मेण लावतोय. रंग गेला का?"

"नाही गेला, अण्णा. पण तुमचा अर्धा दिवस जातो ना प्रत्येक वेळी."

"माझा अर्धा दिवस गाडीसाठी गेला तर तुला काय त्रास?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मग अर्धी-अर्धी ठरली.

आधी मी ओळखीच्या एका पेंटरकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं. हातात मावेल एवढं असतं, पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. आमचं चुंबकाच्या तत्त्वावर चालणारं होतं, त्यामुळे लोखंडी पत्र्यावर चाललं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. दरवाज्यांवर ११५, ११८, १२२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) असे आकडे आले. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर कारखान्यातला अख्खा रंग, म्हणजे गंज रोखणारा खालचा थर, त्यावर प्रायमर, त्यावर लाल रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, हे सगळं मिळून दोन केसांएवढंही जाड नाही. त्यात क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. उन्हातली अतिनील किरणं शोषून घेणारी द्रव्यं त्याच थरात असतात. तो खराब झाला की आधी चकाकी जाते, मग पांढुरके डाग पडतात, मग पापुद्रे सुटायला लागतात. आणि एकदा झिजलेला क्लिअर कोट भरून येत नाही. ओरखडे घालवायला यंत्राने रबिंग-पॉलिश केलं की दर वेळी एक-दोन मायक्रॉन जातातच.

क्लीनर साइडच्या दाराखालच्या कोपऱ्यात मात्र आकडा आला ३४०. तिथे कधीतरी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारला होता, ते अण्णांना लगेच आठवलं. गाडी जुनी असेल तर ही मोजणी करून घ्याच, कारण पुन्हा मारलेला रंग वेगळा वागतो. सगळ्याच ट्रकना क्लिअर कोट असतो असंही नाही. साध्या रंगाच्या काही गाड्यांना एकाच थराचा रंग असतो. ते ओळखायला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घ्यायचं आणि कडेला कुठेतरी हलकं घासायचं. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. आमचं फडकं दरवाज्यावर पांढरंच राहिलं, त्या कोपऱ्यात लाल झालं.

तर वॅक्स काय आणि सिरॅमिक काय, दोघांचं काम एकच: त्या ४०-५० मायक्रॉनच्या आधी स्वतः झिजायचं.

चांगल्या वॅक्समधलं मेण कार्नोबा नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाचं असतं. ते ईशान्य ब्राझीलमध्ये होतं. कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडच स्वतःच्या पानांवर हे मेण धरतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात, आणि झडलेली भुकटी वितळवून मेण तयार करतात. औषधांच्या काही गोळ्यांवरची चकाकीही याच मेणाची असते. नैसर्गिक मेणांमध्ये ते फार कठीण. वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सिअस लागतात. पण इतकं कठीण मेण नुसतं पत्र्यावर पसरणार नाही, म्हणून डब्यात ते तेलं, सॉल्व्हंट आणि इतर मऊ मेणांत मिसळलेलं असतं. त्यामुळे डब्यातलं वॅक्स झाडावरच्या मेणाइतकं उष्णतेला टिकत नाही, आणि भर उन्हात गडद रंगाचा पत्रा चांगलाच तापतो. शिवाय वॅक्स रंगावर नुसतं बसलेलं असतं, रंगाला जोडलं जात नाही. डिझेल सांडलं, कडक साबण लागला, की ते निघून जातं.

सिरॅमिक कोटिंगचा कपबशीच्या सिरॅमिकशी संबंध नाही. बाटलीत सिलिकॉनच्या संयुगांचं द्रावण असतं. पत्र्यावर लावलं की सॉल्व्हंट उडून जातो, आणि उरलेलं हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करून काचेसारखा पातळ, कठीण थर बनतो. तो रंगाला घट्ट धरतो. साबणाने निघत नाही, काढायचा तर घासूनच काढावा लागतो. जाडी बहुतेक एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी.

बाटलीवर '९एच' लिहिलेलं असतं आणि विकणारे सर्रास म्हणतात की हा थर हिऱ्याच्या जवळपास कठीण. हे खरं नाही, आणि या एका गैरसमजापायी लोक कोटिंग लावून झाल्यावर गाडी कशाही फडक्याने पुसतात, म्हणून जरा थांबून सांगते. ९एच हा पेन्सिलीचा आकडा आहे. या चाचणीत ९बी ही सगळ्यात मऊ पेन्सिल, ९एच सगळ्यात कठीण. पेन्सिल ४५ अंशांत धरून, ठरावीक दाब देऊन थरावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात. हिऱ्याला १० आकडा मिळतो तो मोह्सच्या मापावर, जे फ्रिडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलं. ही दोन मापं वेगळी आहेत. मोह्सच्या मापावर क्वार्ट्ज ७ वर येतं, आणि रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्जची वाळू भरपूर असते. कोरडी धूळ फडक्याखाली सापडली तर चरा पडणारच, वर थर कोणताही असो.

आता प्रत्यक्ष काम. मला यात दोन दिवस लागले, आणि त्यातला पावणेदोन दिवस कोटिंगचा नव्हताच.

पहिल्यांदा दोन बादल्यांनी धुणं. एकीत शाम्पू, एकीत नुसतं पाणी; हातमोजा दर वेळी नुसत्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. मग डांबराचे ठिपके काढले. मग लोहकण काढायचं द्रावण फवारलं. ब्रेकमधून उडालेले बारीक लोखंडी कण रंगात रुतून बसतात आणि तिथेच गंजतात. हे द्रावण त्यांच्याशी क्रिया करून जांभळं होतं. लाल दरवाज्यावरून, स्वच्छ दिसत होता त्या दरवाज्यावरून, दोन मिनिटांत जांभळे ओघळ खाली आले. वास कुजक्या अंड्यासारखा. अण्णा लांब उभे होते, ते जवळ आले. "हे सगळं आत होतं?" असं विचारून त्यांनी पाण्याचा पाइप स्वतःच हातात घेतला.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून दरवाज्यावरून फिरवला. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, बारीक रवा सांडल्यासारखा. मग क्ले. ओल्या पत्र्यावर साबणाच्या पाण्यात ती मऊ वडी सरकवत न्यायची. सुरुवातीला ती अडकते, घसरत नाही, आणि कचरा निघाला की आपोआप सुळकन पुढे जाते. हाताला कळतं. वडी खाली पडली तर फेकून द्यायची, कारण तिला चिकटलेली माती रंग कापते. माझी एक अशीच गेली.

त्यानंतर यंत्राने पॉलिश. दरवाज्याच्या कडांना आधी कागदी टेप लावली, कारण कडेवर रंग पातळ असतो. मोबाइलचा टॉर्च जवळ धरला की उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात, ते बरेचसे गेले. हे सगळं मी दोन्ही बाजूंना अगदी सारखं केलं, अण्णांच्या अर्ध्यालाही. नाहीतर तुलनेला अर्थ नव्हता.

पॉलिश झाल्यावर, अजून कुठेच काही लावलेलं नसताना, अण्णा मागे सरकून बघत म्हणाले, "मेण न लावताच एवढी चमकतेय."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कोटिंग लावून 'नव्यासारखी' झालेल्या गाड्यांची जी छायाचित्रं आपण बघतो, त्यातली बहुतेक चकाकी कोटिंगच्या आधीच्या पॉलिशची असते. कोटिंग ती टिकवतं. आणि तेच ओरखडेही टिकवतं: खाली जे असेल ते थराखाली बंद होतं, आणि मग ते काढायचं तर आधी कोटिंगच घासून काढावं लागतं. म्हणून तयारीला वेळ नसेल तर सरळ वॅक्स लावा. वॅक्स चूक माफ करतं.

माझी चूक कोटिंग लावताना झाली. पॉलिशचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढलं, हातमोजे घातले, दारं उघडी असलेल्या शेडमध्ये काम सुरू केलं. स्पंजच्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळायचं, त्यावर थेंब सोडायचे, दोन-दोन वितींच्या चौकोनात आधी उभं, मग आडवं फिरवायचं. थोड्या वेळात त्यावर तेलाच्या तवंगासारखे सप्तरंग दिसतात. ते दिसले की लगेच मायक्रोफायबरने सारखं करून पुसायचं. बाटलीवर लिहिलं होतं, एक ते तीन मिनिटं. त्या संध्याकाळी हवा दमट होती, आणि थर ओलाव्यानेच कठीण होत असल्यामुळे तो मिनिटाच्या आतच बसायला लागला. मी घड्याळ बघत राहिले, पत्रा बघायला हवा होता. दुसऱ्या दिवशी उन्हात दाराच्या वरच्या बाजूला वितभर लांब काळपट ओघळ दिसला. पुसून जात नव्हता. तेवढा भाग पुन्हा पॉलिश करून पुन्हा लावावा लागला. म्हणून दमट हवेत चौकोन निम्मा करा, आणि एक माणूस फक्त टॉर्च धरायला ठेवा. पुसलेली फडकी त्याच दिवशी टाकून द्या. वाळली की त्यांत काचेसारखी कडक किनार तयार होते. उरलेलं कोटिंग पुढच्या वेळेसाठी मी जपून ठेवलं होतं, तीन महिन्यांनी बघितलं तर बाटलीत घट्ट गोळा. एकदा उघडली की आत ओलावा जातोच.

नंतर एक दिवस पाणी लागू दिलं नाही आणि आठवडाभर शाम्पू लावला नाही. अण्णांची बाजू दीड तासात झाली होती: पातळ हात, धुरकट होईपर्यंत थांबणं, पुसणं, चहूकडे वास. काळ्या प्लास्टिकला तेवढं वॅक्स लागू द्यायचं नाही, पांढरे डाग राहतात.

पहिला महिना दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या. लाल रंगाची खोली तर अण्णांच्या बाजूला जास्त होती, हे मी मान्य करते. सिरॅमिकची चकाकी काचेसारखी, थोडी कोरडी, वॅक्सची ओलसर. पाणीही दोन्हीकडे थेंब धरत होतं. अळवाच्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल उभा राहतो, तसा मात्र कुठेच नाही. अळवाच्या आणि कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेण. म्हणून पाणी जवळपास टेकतच नाही आणि जाताना धूळही घेऊन जातं. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये कमळाबद्दल हे सविस्तर मांडलं. आपला कोटिंगचा थर गुळगुळीत असतो. त्यामुळे 'गाडी स्वतःच धुतली जाते' ही जाहिरात मनावर घेऊ नका. धुवावी लागते, फक्त सोपी जाते.

पाचव्या आठवड्याला अण्णांच्या दरवाज्यावर पाणी पसरायला लागलं, शोवर तर तिसऱ्याच. एकदा घाईत गाडी वॉशिंग सेंटरला धुतली. तिथल्या कडक साबणाने वॅक्स एका धुण्यात साफ गेलं. माझ्या बाजूला त्या दिवशी काही फरक पडला नाही.

खरा फरक किड्यांनी दाखवला. रात्रीच्या हायवेवर शोवर चिलटं-किडे थापले जातात, सकाळच्या उन्हात वाळून खरपुडी धरतात, आणि त्यांच्यातल्या आम्लाने रंगावर डाग पडतात. माझ्या अर्ध्यावर ओला टॉवेल दहा मिनिटं टाकला की ते नुसत्या पाण्याने निघत. अण्णांच्या अर्ध्यावर ताजं वॅक्स असेल तोवर तसंच, पण महिन्यानंतर घासावं लागे. घासलं की ओरखडे. चौदा महिन्यांनी टॉर्च लावून बघितलं तर गोल ओरखडे दोन्हीकडे होते, माझ्याकडे स्पष्टपणे कमी.

पण माझी बाजू सगळीकडे जिंकली नाही. आमचं धुण्याचं पाणी क्षाराचं आहे. कोटिंगवर पाणी थेंब होऊन उभं राहतं, उन्हात जागच्या जागी वाळतं, आणि मागे पांढरं कडं राहतं. वॅक्सच्या बाजूला, विशेषतः ते उतरल्यावर, पाणी पसरून जायचं आणि कडी कमी पडायची. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून पुसल्यावर बहुतेक गेली. चार-पाच कायमची राहिली. तेव्हापासून धुतली की लगेच टॉवेलने टिपून घेते, उन्हात धुवत नाही. पक्ष्याची विष्ठा दीड दिवस उन्हात राहिली तेव्हा कोटिंगखालीही डाग उतरला. एक-दोन मायक्रॉनचा थर थोडा वेळ मिळवून देतो, एवढंच. ऊन अडवायचं मुख्य काम तर क्लिअर कोटच करतो. दगडांचे टवके मोजले: अण्णांच्या अर्ध्यावर ९, माझ्या अर्ध्यावर ११. दगडाला वॅक्स काय, सिरॅमिक काय, काहीच अडवत नाही. त्यासाठी १५०-२०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते.

नवव्या महिन्यात माझ्या दाराच्या खालच्या भागावर पाणी घसरेनासं झालं. मला वाटलं कोटिंग संपलं. संपलं नव्हतं, त्यावर काजळी आणि क्षारांचा पापुद्रा बसला होता. लोहकणांचं द्रावण आणि त्यानंतर सौम्य आम्लाचा शाम्पू, की थेंब परत उभे राहिले. कोटिंग 'दोन वर्षांच्या आत गेलं' असं म्हणणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

आता ठरलंय ते असं. शो संपूर्ण सिरॅमिकवर जाणार, मधली हद्द पुसली जाणार. केबिनची मागची बाजूही, कारण केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीत हात नीट जात नाही आणि धूर-धूळ तिथेच साठते. डिझेलच्या टाकीजवळचा रंगवलेला भागही. हौद्याला यातलं काहीच नाही. दोर आणि माल घासून तो रंग तसाही जातो, त्यापेक्षा गंज दिसला की खरवडून प्रायमर मारते. दाराखालचा जो कोपरा आहे तो नव्याने रंगवायचाय, आणि ताज्या रंगातला सॉल्व्हंट पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, त्यावर काहीही लावायचं नाही.

ड्रायव्हर साइडचा दरवाजा वॅक्सवरच राहणार. तो मी अण्णांना मागितला नाही, कारण अकराव्या महिन्यात एक गोष्ट झाली. अण्णा हाताने वॅक्स लावतात, त्यामुळे दर महिन्याला त्यांची बोटं दरवाज्याच्या इंच-इंचावरून जातात. नवा टवका डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. लगेच हाक येते, "टचअपची बाटली आण." त्यांच्या बाजूचा एकही टवका गंजला नाही. माझी बाजू धुऊन-टिपून पाच मिनिटांत होते, म्हणून मी तिथे नीट बघितलंच नव्हतं. दाराच्या बिजागरीजवळ टाचणीच्या डोक्याएवढा टवका होता. मला सापडला तेव्हा त्याच्याभोवती रंगाखाली नखाएवढा गंज पसरला होता.

तो खरवडला, प्रायमर मारला, रंग लावला. आता अण्णा वॅक्सचा डबा काढतात तेव्हा मी पातळ पिशवीत हात घालून माझी बाजू चाचपते.